सांग पाहू, मी कोण?

आमच्या आत्याला विस्मरण जडले, तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिची परीक्षा घेऊ लागला. सोप्यावर टेकायच्या आधीच प्रश्न तयार. "सांग पळोवया, हांव कोण?" आत्या कसनुसे हसायची, पदराचे टोक बोटाला गुंडाळायची. उत्तर चुकले की पाहुणा आईकडे बघून मान हलवायचा, जणू निकाल लागला. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण माणसाला नापास करण्याची ही रीत आपण कुठून उचलली, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

या परीक्षेची सर्वांत प्रसिद्ध नोंद जर्मनीतली आहे. २६ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात डॉ. आलॉइस आल्झायमर एका ५१ वर्षांच्या बाईंसमोर बसले. बाईंचे नाव आउगुस्टे डेटर, आदल्याच दिवशी दाखल झालेल्या. नाव काय? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचे नाव? बहुधा आउगुस्टेच. दुपारी ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. काय खाता, असे विचारल्यावर त्या पालक म्हणाल्या. स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तर 'श्रीमती' इतके लिहून पुढचे विसरल्या. आपणच आपल्याला हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे त्यांचे बोलणेही डॉक्टरांनी टिपून ठेवले. मला तर सगळ्या कागदांत हेच महत्त्वाचे वाटते. बाकीची उत्तरे चुकली असतील, हे मात्र चुकलेले नव्हते.

बाई ८ एप्रिल १९०६ ला वारल्या. त्यांचा मेंदू म्युनिकला आल्झायमरांकडे गेला आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला आल्झायमरांचे नाव दिले. प्रश्नोत्तरांची ती मूळ फाइल मात्र १९९५ साली फ्रँकफुर्टमध्ये पुन्हा हाती लागली. रोगाचे नाव जगभर झाले, रोग्याशी बोलायचे कसे हा प्रश्न तसाच राहिला. (आपला 'स्मृतिभ्रंश' शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. तिथे तो क्रोधातून येतो, म्हातारपणातून नव्हे. घराघरात चालतो तो शब्द 'म्हातारचळ', आणि त्यात रोग कमी, दोष जास्त.)

पुढे अमेरिकेत जेम्स फॉल्सम यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस निवृत्त सैनिकांच्या इस्पितळात एक पद्धत सुरू केली. भिंतीवर फळा, त्यावर आजचा वार, तारीख, ठिकाण, हवामान, पुढचे जेवण कोणते. येता-जाता सगळ्यांनी रुग्णाला वास्तवाची आठवण करून द्यायची. हेतू चांगला होता. ज्यांना कोपऱ्यात टाकून दिले होते, त्यांच्याशी निदान कोणी बोलू लागले. पण त्यात सतत दुरुस्ती होती.

ही दुरुस्ती म्हणजे काय, ते मी घरात पाहिले आहे. आत्या तिन्हीसांजेला विचारायची, "दादा आयलो?" दादा जाऊन वीस वर्षे झाली होती. आई खरे बोलणारी. ती शांतपणे सांगायची. आणि आत्या दर वेळी नव्याने रडायची, कारण तिच्यासाठी भाऊ त्याच क्षणी मेलेला असायचा. आठवड्यात चार वेळा सुतक.

नेओमी फील या बाई क्लीव्हलंडच्या वृद्धाश्रमातच लहानाच्या मोठ्या झाल्या, कारण आईवडील तिथेच कामाला होते. १९६३ पासून त्याच वृद्धाश्रमात काम करताना त्यांना ही दुरुस्ती निरुपयोगी वाटली. त्या म्हणू लागल्या की बोलण्यातला तपशील सोडा, भावना धरा. खोटेही बोलू नका आणि वादही घालू नका. त्यांच्या पद्धतीला चाचण्यांचा भक्कम पुरावा मिळालेला नाही, हेही सांगायला हवे. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या टॉम किटवुड यांनी १९९७ च्या पुस्तकात आणखी पुढे जाऊन म्हटले की माणूस फक्त रोगाने खचत नाही, भोवतालच्यांच्या वागण्यानेही खचतो.

आता आपल्या गोव्याचे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास गोव्यातलाच. त्यात दिसले की लोक याला म्हातारपणाचाच भाग समजतात, त्यामुळे डॉक्टरांकडे असे रुग्ण क्वचितच जातात, पण गावात फिरणाऱ्या आरोग्य सेविका त्यांना बरोबर ओळखतात. मग अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बारावीपर्यंत शिकलेल्या, इथली भाषा बोलणाऱ्या साध्या माणसांना आठवडाभर प्रशिक्षण देऊन पंधरा दिवसांतून किमान एकदा, असे सहा महिने घरी पाठवले. त्यांनी रोग समजावला, रुग्णाच्या वागण्याला कसे तोंड द्यायचे ते सांगितले आणि सांभाळणाऱ्याचे ऐकून घेतले. सांभाळणाऱ्यांचा मानसिक त्रास कमी झाला. रुग्णांत ठळक म्हणावा असा फरक मात्र पडला नाही, आणि त्या काळात अठरा जण वारले. चमत्कार नव्हे. पण ज्या घरात एकच सून रात्रभर जागते आणि वर शेजारी म्हणतात, 'म्हातारीचे हाल करतात', त्या घरात कोणी येऊन बसणे ही लहान गोष्ट नाही.

आमच्याकडे तसे कोणी आले नाही. माझ्या धाकट्या बहिणीलाच एकदा आईचे उत्तर असह्य झाले. आत्याने विचारले, "दादा आयलो?" आई बोलायच्या आत बहीण म्हणाली, "दादाक कितें आवडटालें गो?" आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग पातोळ्यांचे सुरू झाले. हळदीची पाने परसातून कोण आणायचे, दादा गरम गरम पातोळ्या उचलून कसा पळायचा, आईच्या हातचा मार कोणाला बसायचा. दिवेलागण होऊन गेली तरी ती बोलत होती. मग तिने बहिणीकडे बघून विचारले, "तूं कोणाची गो?"

बहीण म्हणाली, "तुजीच."