पित्ताची बाटली

१९७०च्या दशकात बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेतल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून लागलो. तेव्हा गोळ्यांपेक्षा मिक्श्चरच जास्त जायचं. पेशंट घरून बाटली आणायचा. ती धुऊन मी औषध भरायचो, कागदाची पट्टी दुमडून कडेला खाचा पाडायचो आणि खळ लावून बाटलीवर चिकटवायचो. एक खाच उतरली की एक डोस झाला. पित्ताच्या मिक्श्चरमध्ये खाण्याचा सोडा, पेपरमिंटचं पाणी आणि वेलदोड्याचा अर्क. घोट घेतला, ढेकर आला, की माणूस तिथंच सांगायचा, "उतरलं बघा."

हे दुखणं जुनंच. माधवकरांनी बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी 'माधवनिदाना'त अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण दिलं. त्यातली आंबट-कडू ढेकर, छाती-घशाची आग, तोंडाची गेलेली चव ही लक्षणं माझ्या खिडकीशी रोज ऐकू यायची. जठरातलं ते आम्ल हायड्रोक्लोरिक असतं, हे विल्यम प्राउटनं लंडनमध्ये १८२०च्या दशकात दाखवलं. काही जण मात्र भलतीच तक्रार घेऊन यायचे: सकाळी बसलेला आवाज, रात्री आडवं झालं की सुरू होणारा कोरडा खोकला. ते खोकल्याचं औषध मागायचे आणि डॉक्टर विचारायचे, "रात्री जेवता किती वाजता?"

कारण सगळा घोटाळा अन्ननलिकेच्या तळाशी. तिथलं स्नायूंचं कडं घास खाली गेला की मिटतं. ते सैल पडलं की आम्ल वर येतं. सोडा आलेलं आम्ल मारतो, कडं काही आवळत नाही.

आमच्या भागात हे कडं सैल करणारी मोठी गोष्ट म्हणजे मशेरी. बायका तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायच्या. घरभर ठसका लागायचा. मग ती चुरून बरणीत भरायची आणि पहाटे चुलीशी बसून बोटानं दातांना घासायची, वर कोरा चहा. तंबाखूतलं निकोटीन त्या कड्याला ढिलं करतं. पुरुषांची बिडी तेच काम करते. मशेरीचं नाव पेशंटनं आपणहून कधी घेतलं नाही. तिला कुणी व्यसन मानतच नव्हतं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरं जेवणाच्या वेळेचं. वाडीत दिवेलागणीला जेवून माणसं ओटीवर गप्पा मारत बसायची. मुंबईला पाळीच्या कामाला गेलेले चाकरमानी मध्यरात्री जेवून लगेच आडवे व्हायला शिकले, आणि गणपतीला आले की बाटली मागायचे. सुटलेलं पोट, गरोदरपणाचे शेवटचे महिने, तळलेलं खाणं हीसुद्धा कारणंच. गुडघेदुखीच्या गोळ्या पोटाचं अस्तर वेगळंच सोलतात.

घरोघरी उतारा एकच, आमसूल. मे महिन्यात रातांबे फोडून सालं त्यांच्याच रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. त्याच्या सारानं अनेकांना बरं वाटतं, पण अन्ननलिका सोललेली असेल तर आंबट झोंबतंच. अशांना मी पथ्यात सोलकढी कधी सांगितली नाही.

पुढं रॅनिटिडीन आलं. २०२२ साली ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं गेलं. १९८८ साली स्वीडनमध्ये आलेल्या ओमेप्राझोलच्या जातीच्या गोळ्या आता सगळीकडं मिळतात. त्या आम्ल तयार होणंच कमी करतात. माणसं विचारल्याशिवाय वर्षानुवर्षं घेतात, हे मला पटत नाही.

मिक्श्चरच्या काळातही डॉक्टरांची सक्त ताकीद होती. घास अडकतोय, वजन उतरतंय किंवा शौचाला काळं होतंय असं कुणी म्हटलं, तर बाटली भरायची नाही, आधी त्यांना दाखवायचं. आणि छातीत दुखून घाम फुटलाय, डावा हात भरून आलाय, तर पेशंट कितीही म्हणो "पित्तच आहे", हातातलं काम टाकून पेठेत जीप शोधायची आणि त्याला श्रीवर्धनला पाठवायचं.