शाळेची पुस्तके आणि छंदाची वही



मूल आठवी-नववीत गेले की घरोघरी एक वाद सुरू होतो. वडील म्हणतात, “हे छंद पुरे झाले, आधी परीक्षेचे बघ.” मूल म्हणते, “शाळेच्या पुस्तकात माझे मनच लागत नाही.” खरे कोणाचे? या प्रश्नाचे उत्तर मुंबईतल्याच एका मुस्लिम घरातील मुलाच्या चरित्रात सापडते. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडिलांचे आणि तीन वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढविले. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढाकार घेणारे बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. अर्थात शिक्षणाचे महत्त्व त्या घराला कोणी सांगायला नको होते.

लहानग्या सलीमला छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपण्याचा नाद होता. एकदा टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी? मामांना सांगता येईना. पण त्यांनी मुलाला गप्प बसविले नाही. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्याला तिकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला, पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि वाचायला पुस्तकेही दिली. एका मुलाच्या साध्या प्रश्नाचा दोन वडीलधाऱ्यांनी मान राखला, आणि एका आयुष्याला दिशा मिळाली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. नुसता नाद आणि अभ्यास यांत वहीचे अंतर असते. १९०६-०७ च्या सुमारास या मुलाने एका घरट्याविषयी टिपण लिहून ठेवले. घरट्याबाहेर पहारा देणारा नर टिपला की मादीला थोड्याच वेळात दुसरा नर मिळे. सात दिवसांत असे आठ नर टिपले गेले. आज आपल्याला ही शिकार रुचणार नाही. पण पाहिलेले मोजून, नोंदवून ठेवण्याची ती सवय पाहा! सुमारे साठ वर्षांनी तेच टिपण पक्षिनिरीक्षकांच्या नियतकालिकात छापले गेले.

आता नाण्याची दुसरी बाजू. शाळेत सलीमची प्रगती बेताचीच होती. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखी जडली, वर्ग बुडू लागले, हवापालटासाठी सिंधमध्ये जावे लागले. १९१३ साली ते जेमतेम मॅट्रिक झाले. कॉलेजचे पहिले वर्ष जड गेले, तेव्हा शिक्षण सोडून ते घरच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेले.

१९१७ साली परत आल्यावर मात्र त्यांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. सकाळी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब. त्यानंतर सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्र. एक शिक्षण पोटासाठी, दुसरे आवडीचे. परंतु विद्यापीठाची पदवी हाती नव्हती, आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा पदवीअभावी मिळाली नाही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी लागली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

अशा वेळी कामी आली ती लहानपणीची सवय. अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तेथे टिपले. पुढे १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक निघाले. १९६८ ते १९७४ या काळात डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ पुरा झाला. पदवी नसलेल्या या माणसाला १९५८ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रांनो, “सलीम अली कुठे पदवीधर होते?” असे म्हणून पुस्तके मिटू नका. पदवीअभावी बंद झालेले दार त्यांनीही पाहिले. आणि पडत्या काळात त्यांच्या पाठीशी सुस्थितीतले घराणे होते. ते आपल्यापैकी कितीजणांना आहे? तेव्हा रोजचा अभ्यास चुकवू नका; पण दिवसाचा अर्धा तास आपल्या आवडीच्या विषयाला द्या, आणि त्याची वही ठेवा.

आणि पालकहो, मुलामुलींच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नसेल तर त्यात कमीपणा नाही. अमिरुद्दीन मामांनाही ते येत नव्हते. त्यांनी फक्त योग्य माणसाच्या नावे चिठ्ठी दिली. ज्या घरी अशी ओळख नाही, तेथील मुलांसाठी ही चिठ्ठी शाळेने, शिक्षकांनी आणि ग्रंथालयाने द्यायची असते.