पदवी आणि ओळख



आमचा व्यवसाय कामगार संघटनेचा. शिक्षण सातवीवर थांबले. पुढे जे काही शिकलो, ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि अशाच व्याख्यानमालांच्या मागच्या रांगेत बसून. तेव्हा महाविद्यालयातल्या माजी विद्यार्थिनींच्या मंडळांचा इतिहास आम्ही काय म्हणून सांगावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, न्हावा-शेव्याच्या आमच्या कचेरीची पायरी अलीकडे पदवीधर मुली चढू लागल्या आहेत. आगरी-कोळ्यांच्या घरातल्या या पहिल्या पदवीधर. पिशवीत गुणपत्रिका आणि तोंडी एकच प्रश्न : "काका, आत कोणी ओळखीचं आहे का?"

ओळख या शब्दाची आम्हाला पहिल्यापासून चीड. गिरणगावात कोकणातून आलेला माणूस गावच्या खोलीत पथारी टाकी, गावच्याच खानावळीत जेवी आणि गावच्या ओळखीने जॉबरपुढे उभा राही. जॉबर भरती करी आणि दस्तुरी खाई. वाइंडिंग-रीलिंग खात्यातल्या बायकांवर नायकीण असे. तिचीही रीत तीच. हा कारभार आवरण्यासाठी १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली. आमच्या चळवळीची उमर या ओळखीशी भांडण्यात गेली. पण शिकलेल्या बायकांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हीच ओळख निराळ्या रूपात भेटली.

कॉर्नेलिया सोराबजींचे उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या, पहिला वर्ग मिळवला. त्या गुणांवर पुरुषाला विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती. बाईला ती नाकारली गेली. मग विलायतेतल्या काही स्त्रियांनी वर्गणी जमवली आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला पोचल्या. त्यांच्या आधी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, त्याही न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी एका नियतकालिकात त्यांच्याविषयीचा मजकूर वाचून पत्र धाडले म्हणून. १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. दार सरकारचे असो की विद्यापीठाचे, ते बाईला आतल्या बाईने किंवा बाहेरच्या मैत्रिणीने उघडून दिले.

याच रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला. योगायोग पाहा : त्याच्या थोडेच आधी, २८ नोव्हेंबर १८८१ रोजी, अमेरिकेत बोस्टनला १७ पदवीधर बायका एकत्र बसल्या होत्या. कॉलेज संपले, पदवी भिंतीवर लागली, आता करायचे काय, हा त्यांचा प्रश्न. त्यातून माजी विद्यार्थिनींचा संघ उभा राहिला. उच्च शिक्षणाने बायकांची प्रकृती ढासळते, असे तेव्हा मोठमोठे डॉक्टर छातीठोक सांगत. या बायका वादात पडल्या नाहीत. त्यांनी पदवीधर स्त्रियांना प्रश्नावली धाडली, ७०५ जणींची उत्तरे आली, आणि त्यांची कोष्टके करून दिली ती मॅसॅच्युसेट्सच्या कामगार आकडेवारी खात्याने. १८८५ साली अहवाल निघाला आणि डॉक्टरांचे म्हणणे लटके पडले. कामगार खात्याचा इतका चांगला उपयोग आमच्या पाहण्यात फार थोडा आहे!

आपल्याकडची खरी कसोटी मात्र हिंगण्याची. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. त्याच्या पदवीला नाव गृहीतागमा. नाव भारदस्त, पण सरकारदरबारी त्याला किंमत नव्हती. कायद्याची मान्यता आली ती १९५१ साली. मधली पस्तीस वर्षे ही पदवी घेऊन बाईने जायचे कुठे? तर विद्यापीठाशी जोडलेल्या मुलींच्या शाळांत, जिथे तिच्याच बरोबरीच्या नाही तर तिच्या आधीच्या बायका शिकवत होत्या. हिंगण्याच्या आश्रमाचे कामही तिथेच वाढलेल्या बायकांनी ओढले. पार्वतीबाई आठवले या विधवा बाई तिथे शिकल्या, तिथेच राबल्या, आणि १९१८ साली संस्थेच्या वर्गणीसाठी अमेरिकेला जाऊन परक्यांच्या घरी भांडी घासूनही दिवस काढते झाल्या. जॉबरने दस्तुरी घ्यावी, आणि इथे ओळख देणाऱ्या बाईनेच पदरमोड करावी, हा फरक आम्हाला फार उशिरा उमगला.

या सभांत आमच्या घरच्या बायका नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. तिथली मंडळी बहुतेक पांढरपेशा वर्गातली. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला मासळी नेणाऱ्या कोळणीला त्या सभेचे आमंत्रण कोण देणार?

आमच्या भागात इतिहास वेगळ्या वाटेने आला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. १९८९ साली बंदर सुरू झाले. नोकऱ्यांसाठी अर्ज भरले गेले, त्यांतले पुष्कळ पुढे आमच्या हातून भरले गेले. घरात एकच नोकरी मागायची असली, की आम्ही मुलाचे नाव लिहीत असू. मुलगी जास्त शिकलेली असली तरी. कोणी हरकत घेतली नाही, आणि आम्हालाही त्यात काही चुकले असे वाटले नाही. आज पायरीवर उभ्या राहतात त्या त्यांतल्याच काहींच्या लेकी.

मध्यंतरी तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात आम्हाला 'कामगार कायदे' या विषयावर बोलायला बोलावले होते. व्याख्यान बरे झाले असावे. निदान कोणी उठून गेले नाही. पण खरी सभा नंतर चहाच्या वेळी भरली. क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत चार वर्षे काम केलेली एक मुलगी शाळेची वही उघडून बसली, भोवती नव्या मुलींचा घोळका. वहीत कंटेनर यार्डांची नावे, आणि प्रत्येकापुढे खुणा : बायकांसाठी संडास आहे की नाही, पाळी सुटल्यावर शेवटची बस मिळते का, पगार कितव्या तारखेला होतो, ठेकेदार चिठ्ठी देतो का. बोस्टनच्या बायकांची प्रश्नावली आम्हाला तिथे आठवली.

आम्ही त्या वहीची नक्कल मागितली. ती म्हणाली, "देते की काका. पण आधी सांगा, तुमच्या कमिटीत बायका किती?"

कमिटी अकरा जणांची होती, आणि अकराही पुरुष. नक्कल अजून मिळालेली नाही. यंदाच्या निवडणुकीत दोन बायकांचे अर्ज आले आहेत. त्यांतला एक तिचा आहे.