नदीत सापडलेल्या मृतदेहाची ओळख दाढेवरून कशी पटते?

विष्णुपुरी : प्रकल्पाचे दरवाजे उघडल्यावर गोदावरीत वाहून गेलेला माणूस कुठं लागेल, सांगता येत नाही. पंधरा-वीस दिवसांनी देह सापडला तर चेहरा ओळखू येत नाही, बोटांची कातडी सुटते. अशा वेळी शवविच्छेदन करणारे डॉक्टर मांडीचं हाड किंवा दाढ काढून ठेवतात आणि पोलीस ती न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात.

दाढच का? तर दातावरचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग. आतल्या गाभ्यात आणि मुळाशी पेशी असतात, तिथं पाणी-माती लवकर पोचत नाही. किडलेली दाढ शक्यतो घेत नाहीत. दाढ वरून स्वच्छ करून तिची पूड करतात, त्यातून डीएनए काढतात. चितेत पूर्ण जळालेल्या दातात मात्र सहसा काही उरत नाही. म्हणून राख सावडताना सापडलेल्या दातावर आशा ठेवू नये.

पण नुसता दात नाव सांगत नाही. पंजाबातल्या अजनाला गावच्या जुन्या विहिरीतून २०१४ मध्ये सांगाडे निघाले. दातांच्या तपासणीवरून ते १८५७ मधल्या, गंगेच्या खोऱ्यातल्या शिपायांचे असल्याचं शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडलं. मुलूख कळला. अमुक शिपाई हाच, असं म्हणायला त्याच्या घरच्यांचा नमुना लागतो.

आई-वडील किंवा मुलं असतील तर उत्तम. डीएनए फार खराब झाला असेल तर आईकडून येणारा वेगळा डीएनए तपासतात. तिथं सख्खा भाऊ, बहीण, मामा, मावशी चालतात. काका चालत नाही. हे आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ओळख पटली नाही तर मृत्यूचा दाखला अडतो, सातबाऱ्यावर वारसाची नोंद अडते, विमाही अडतो. सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर कोर्टात मृत्यू गृहीत धरता येतो, पण तोवर घरच्या बाईनं कुणाच्या दारात जायचं?

म्हणून माणूस हरवल्याची तक्रार लगेच ठाण्यात द्या, मृतदेह दुसऱ्या जिल्ह्यात लागला तरी ती उपयोगी पडते. हरवलेल्याचा दात घासायचा ब्रश धुऊ नका, तसाच कागदात गुंडाळून ठेवा. नातेवाईकाचा नमुना पोलिसांमार्फतच घेतला जातो. थोडं रक्त पुरतं.