हवाना नगरातील शेती (१९९१ ते २००८) : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
खेड्याने अन्न पिकवावे आणि नगराने ते खावे, अशी श्रमविभागणी आधुनिक अर्थविचारात गृहीत धरलेली असते. क्यूबाची राजधानी हवाना येथे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही विभागणी काही अंशी मोडली गेली. त्या काळी वीस लाखांहून अधिक लोकवस्ती असलेल्या या नगरात भाजीपाला का पिकू लागला आणि त्या प्रयोगाच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पार्श्वभूमी :
क्यूबाची अर्थव्यवस्था साखरेच्या निर्यातीवर उभी होती. सोव्हिएत संघ चढ्या दराने साखर खरेदी करी आणि खनिज तेल, खते, यंत्रसामग्री व धान्य पुरवी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन होताच हा आधार नाहीसा झाला. त्यातच १९९२ मध्ये अमेरिकेने आपले निर्बंध अधिक कठोर केले. इंधनाअभावी शेतातील ट्रॅक्टर थांबले, त्याचबरोबर शेतमाल नगरात आणणारी वाहनेही थांबली. १९९२-९३ मध्ये दृष्टी व मज्जातंतूंच्या विकाराची साथ पसरली आणि पन्नास हजारांहून अधिक लोक बाधित झाले. पोषणातील उणीव हे तिचे एक प्रमुख कारण मानले जाते.

प्रयोगाचे स्वरूप :
आरंभी नागरिकांनी परसात व पडीक जागांवर भाजी लावली. पुढे शासनाने मालकी स्वतःकडे ठेवून अशा जागा कसण्याचा हक्क विनामूल्य दिला. जेथे जमीन निकृष्ट होती, तेथे विटा, दगड किंवा सिमेंटच्या पत्र्यांचे काठ उभारून माती व सेंद्रिय खताने भरलेले वाफे तयार केले गेले. यांनाच 'ऑर्गानोपोनिको' म्हणतात. नगराच्या हद्दीत रासायनिक कीटकनाशकांस मनाई असल्याने गांडूळखत, मिश्रपिके व जैविक कीडनियंत्रण यांवर भर राहिला. माल बागेच्या दारातच विकला जाई, त्यामुळे वाहतुकीचा प्रश्नच उरला नाही. १९९४ मध्ये खुले कृषिबाजार सुरू झाल्याने उत्पादकास भावाची प्रेरणाही मिळाली. १९९७ मध्ये स्थापन झालेली अलामार येथील सहकारी बाग या प्रयोगाचे ठळक उदाहरण होय.

मर्यादा :
या यशाचे अतिरंजित वर्णन मात्र इतिहासास धरून नाही. वाफ्यांनी पालेभाज्या व फळभाज्या दिल्या. तांदूळ, गहू, दूधभुकटी यांसाठी आयातीवरील अवलंबन कायम राहिले. २००८ मध्ये पडीक जमिनी कसण्यास देण्याचे धोरण देशभर विस्तारूनही २०२० नंतर क्यूबास पुन्हा तीव्र अन्नटंचाईस तोंड द्यावे लागले.

समारोप :
हवानाच्या बागा केवळ निसर्गप्रेमातून फुलल्या नाहीत. भुकेने त्यांची गरज निर्माण केली, तर जमिनीचा हक्क, शेतीचे ज्ञान व जवळची बाजारपेठ यांनी त्या टिकवल्या. नागरी शेती धान्याच्या शेतीला पर्याय ठरत नाही. परंतु पुरवठा खंडित झाल्यास नगराच्या ताटात ताजी भाजी राखण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. म्हणूनच नगरातील मोकळ्या जमिनीचा हक्क कोणाकडे असावा, हा प्रश्न सौंदर्याचा नसून अन्नसुरक्षेचा ठरतो.