निर्मळ पाण्यांतील मृत्यु

आमच्या एका स्नेह्यांनीं दोन वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें आपल्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय मांडलें. कांचेची प्रशस्त पेटी, तळाशीं पांढरी वाळू, मध्यें खडक, आणि त्यांमधून फिरणारे निळे, पिवळे, नारिंगी असे सात मासे. घरांतील मुलांनीं त्यांस नांवेंही ठेवलीं होतीं. आठव्या दिवशीं त्यांतील एक मासा तळाशीं निपचित पडलेला आढळला. दहाव्या दिवशीं आणखी दोन. आणि पंधरवडा संपतो न संपतो तोंच पेटींत केवळ पाणी उरलें. आश्चर्य हें कीं, तें पाणी अखेरपर्यंत स्फटिकासारखें स्वच्छ होतें. स्नेह्यांनीं वाळू, खडक, पेटी, सारें पुन्हां पुन्हां कढत पाण्यानें धुवून काढलें, नवें पाणी भरलें, नवे मासे आणले. आणि ते पहिल्यांपेक्षांही लवकर मेले! त्यांच्या धाकट्या मुलीनें आम्हांला विचारलें, "काका, पाणी तर चांगलं होतं ना?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. पुढें शोध करतां असें आढळलें कीं, हा प्रश्न पाऊणदोनशें वर्षांचा जुना आहे, आणि त्याच्या उत्तराचा इतिहास कोणत्याही कादंबरीइतका मनोरंजक आहे.

समुद्रांतील जीव घरांत जिवंत ठेवण्याची कल्पना इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मूळ धरूं लागली. १८४५ सालीं तेथील कांचेवरील कर उठला आणि कांच मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आली. तत्पूर्वींच नथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरानें बंद कांचपेटींत वनस्पति वर्षानुवर्षें टिकतात असें दाखवून दिलें होतें. परंतु समुद्राच्या पाण्याचा प्रयोग यशस्वी करण्याचा पहिला मान एका गृहिणीकडे जातो. ॲना थिन या बाईंनीं १८४६ मध्यें टॉर्की येथील किनाऱ्यावरून कांहीं जिवंत पोवळीं दगडी बरणींत घालून लंडनला नेलीं. ताजें समुद्रजल रोज कोठून आणावें? तेव्हां त्यांनीं असा क्रम ठेवला कीं, दासीनें रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशीं बसून तें पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत राहावें. पुढें त्यांनीं पाण्यांत समुद्रशेवाळही सोडलें. अशा रीतीनें समुद्रापासून दूर, राजधानीच्या ऐन मध्यभागीं, तीं पोवळीं सुमारें तीन वर्षें जगलीं. त्या दासीचें नांव आम्हांस कोठें आढळलें नाहीं. पण पाण्यांत हवा मिसळणारें पहिलें यंत्र म्हणजे तिचे दोन हात होत, हें विसरतां कामा नये.

या अनुभवास शास्त्राचें रूप दिलें तें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्यें, म्हणजे औषधविक्रेत्यांच्या संस्थेंत, तो कामास होता. १८४९ सालीं त्यानें एका मोठ्या भांड्यांत दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पति ठेवली. मासे प्राणवायु घेतात व कर्बाम्लवायु सोडतात. वनस्पति उजेडांत याच्या उलट करते. म्हणून दोघेही परस्परांच्या आधारें सुखानें जगतील, असा त्याचा कयास होता. कांहीं काळानें वनस्पतीचीं पानें कुजून पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें कुजकीं पानें खाणाऱ्या गोगलगाई आंत सोडल्या आणि पाणी पुन्हां निवळलें. १८५० मध्यें त्यानें हा प्रयोग प्रसिद्ध केला व लवकरच तो समुद्रजलासही लावून पाहिला. मासा, वनस्पति आणि गोगलगाय या त्रयीच्या 'समतोला'चें तत्त्व येथून सर्वत्र रूढ झालें.

तत्त्वाला प्रचारक लागतो, तो फिलिप हेन्री गॉस याच्या रूपानें मिळाला. गॉस हा जाडा निसर्गपंडित आणि उत्तम लेखक. प्रकृतिस्वास्थ्यासाठीं तो १८५२ मध्यें डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला आणि तेथील खडकांतल्या डबक्यांवर लुब्ध झाला. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें. पुढच्याच वर्षीं गॉसचा मत्स्यालयावरील रंगीत चित्रांनीं नटलेला ग्रंथ बाहेर पडला. समुद्रापासून दूर राहणारांसाठीं त्यानें चार क्षार गोड्या पाण्यांत मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतिही सांगितली. मग काय विचारतां! पियानोप्रमाणें मत्स्यालय हेंही दिवाणखान्याचें भूषण झालें.

पण घरोघर मासे मरूं लागले. समतोलाचें तत्त्व कागदावर बिनचूक होतें; पेटींत मात्र तें पाण्याच्या गंधानें आणि मेलेल्या माशांनीं खोटें ठरूं लागलें. कोणी म्हणे, शेवाळ कमी पडलें. कोणी म्हणे, उजेड अधिक झाला. तत्त्व चुकलें असेल असें मात्र फारसें कोणाच्या मनांत येईना. दोष सदैव पाळणाराच्या माथीं बसे. दहाबारा वर्षांत ती लाट ओसरली आणि अनेक पेट्या माळ्यावर गेल्या.

या पडत्या काळांत एका माणसानें हा विषय सोडला नाहीं. विलियम आल्फर्ड लॉइड यानें लंडनमध्यें समुद्रजीवांचें दुकान चालविलें आणि त्यांत त्याचें दिवाळें निघालें. परंतु तेवढ्या अवधींत त्यानें जें पाहिलें तें इतरांस दिसलें नव्हतें. १८७१ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय त्याच्या देखरेखीखालीं उघडलें. दर्शनी टाक्यांच्या खालीं त्यानें त्यांहून कितीतरी मोठा असा काळोखा हौद बांधविला, आणि पंपांच्या योगें तेंच पाणी अहोरात्र वर चढवून पुन्हां खालीं सोडण्याची योजना केली. पाणी बदलावयाचें नाहीं, फिरवावयाचें. तें जुनें होईल तसें अधिक चांगलें होतें, असा त्याचा अनुभव होता. जुनें पाणी चांगलें कां व्हावें, याचें खरें कारण मात्र अद्याप अंधारांतच होतें.

तें कारण जेथून उजेडांत आलें तें स्थळ मत्स्यालयापासून फार दूरचें आहे. मासा केवळ कर्बाम्लवायु सोडीत नाहीं. त्याच्या कल्ल्यांतून अमोनियाही सतत पाण्यांत उतरत असतो, आणि उरलेलें अन्न कुजून त्यांत भर पडते. अमोनिया हें माशास जालीम विष होय. वॉरिंग्टनच्या त्रयींत या विषाचा हिशेबच नव्हता. आतां जमिनींतही शेण, मूत्र, पालापाचोळा कुजून अमोनिया होतो आणि कालांतरानें त्याचा सोरा बनतो. बिहारांतील मातींतून पिढ्यान्‌पिढ्या काढलेला सोरा तो हाच. पण हें रूपांतर कोण करतें? १८७७ मध्यें श्लेसिंग व म्युंट्झ या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं मैलापाणी वाळूच्या थरांतून हळूहळू सोडलें, तेव्हां कांहीं दिवसांनीं अमोनियाचें नायट्रेट झालेलें दिसलें. क्लोरोफॉर्म सोडतांच तें काम थांबलें. म्हणजे हें काम जिवंत जंतूंचें होतें! यानंतर इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथील कृषिशाळेंत एका रसायनशास्त्रज्ञानें सिद्ध केलें कीं, हें काम दोन टप्प्यांत चालतें: एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट. १८९० मध्यें विनोग्राड्स्की यानें असे जंतु वेगळे करून दाखविले.

आणि रोथॅमस्टेडचा तो रसायनशास्त्रज्ञ कोण? त्याचें नांवही रॉबर्ट वॉरिंग्टन! सोनेरी माशांवर प्रयोग करणाऱ्या वॉरिंग्टनचा हा पुत्र. बापानें भांड्यांत ते दोन मासे सोडले तेव्हां हा दहाअकरा वर्षांचा होता. बापाच्या पेटींत जें उणें होतें तें मुलानें शेताच्या मातींत शोधून काढलें. इतिहासांतले योग कधीं कधीं कवीलाही सुचणार नाहींत असे असतात. मात्र हें ज्ञान मातींतून मत्स्यालयांत यावयास पुष्कळ वर्षें गेलीं. १९६१ मध्यें जाकार्ता येथील ली चिन एंग यानें समुद्रांतले जिवंत खडक पेटींत ठेवून, केवळ हवेच्या बुडबुड्यांवर मासे व पोवळीं जगविण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. आणि १९७० मध्यें स्टीफन स्पॉट याच्या ग्रंथानें या जंतूंचें कार्य मत्स्यपालकांपुढें शास्त्रशुद्ध रीतीनें मांडलें.

आतां आमच्या स्नेह्यांच्या पेटीकडे वळूं. नव्या पेटींत हे जंतु नसल्यासारखेच असतात. वाळूवर व खडकांवर त्यांची वस्ती पुरेशी होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर विष सांचत जातें, आणि तें रंगहीन असल्यामुळें डोळ्यांस पाणी निर्मळच दिसतें. समुद्रजल किंचित्‌ अल्कधर्मी असल्यानें त्यांत अमोनियाचा विषारी अंश वाढतो. शिवाय गोड्या पाण्यापेक्षां त्यांत प्राणवायु सुमारें एक पंचमांश कमी विरघळतो. पहिल्या माशांबरोबर थोडीबहुत वस्ती होऊं लागली होती. ती स्नेह्यांनीं कढत पाण्यानें समूळ मारली आणि वर एकदम नवे मासे सोडले. अतिशुचिता हीच तेथें हत्यारी ठरली!

सर्वच मृत्यूंचा उलगडा मात्र एवढ्यानें होत नाहीं. पेटी जुनी, पाणी निर्दोष, आणि तरीही एका आठवड्यांत सारे मासे जातात, असेंही घडतें. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तांत ब्राउन या संशोधकानें १९३१ व १९५१ मध्यें सागरी माशांवरील दोन सूक्ष्म परोपजीवींचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील एक कल्ल्यांवर बसतो, आणि अंगावर खूण उमटण्यापूर्वींच माशाचा श्वास कोंडतो. दुसरा अंगावर पांढरे ठिपके उठवतो, मग माशास सोडून तळाशीं कवचांत दडतो. पाळणाऱ्यास वाटतें, रोग गेला. आणि थोड्याच दिवसांत तो अनेकपटींनें परत येतो. अफाट समुद्रांत त्याच्या पिलांस मासा सांपडणें दुर्घट. दोन हातांच्या पेटींत तो चुकणें दुर्घट.

तिसरें कारण मनास सर्वांत अधिक बोंचणारें आहे. १९६० नंतरच्या दशकांत फिलिपीन बेटांकडे शोभेचे मासे धरण्यासाठीं सोडियम सायनाइडचें पाणी पोवळ्यांच्या फटींत मारण्याची रीत पडली. त्यानें मासा गुंगतो व हातीं लागतो, पोवळें मात्र मरतें. आणि तो मासाही पुष्कळदां दुकानांतून घरीं आल्यावर विनाकारण मेल्यासारखा मरतो. अशा मृत्यूचें कारण पेटींत कितीही शोधलें तरी कसें सांपडावें? तें हजारों मैल दूर, एका उजाड झालेल्या खडकावर असतें. गॉसलाही याची चव चाखावी लागली होती. त्याचा पुत्र एडमंड यानें १९०७ मध्यें लिहिलेल्या आत्मकथनांत सांगितलें आहे कीं, बापाच्या ग्रंथांनीं चेतविलेल्या हौशी लोकांच्या झुंडींनीं डेव्हनचीं तीं रम्य डबकीं ओरबाडून ओस पाडलीं, आणि त्याचें शल्य बापास फार झालें. ज्यानें सौंदर्य दाखविलें त्याच्याच हातून त्याचा नाश व्हावा, याहून मोठी शिक्षा कोणती?

मत्स्यालय वाईट, असा याचा अर्थ नव्हे. मुंबईच्या समुद्रकांठीं १९५१ मध्यें तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून आपल्याकडील किती मुलांनीं समुद्राचें अंतरंग तेथें प्रथम पाहिलें असेल! पण पाहण्याची हौस आणि पाळण्याची जबाबदारी या दोन गोष्टी निराळ्या. आमच्या स्नेह्यांनीं या खेपेस पेटी मांडून दीड महिना तींत एकही मासा सोडला नाहीं. केवळ पाणी फिरत ठेवलें, आणि मग पकडून आणलेले नव्हे तर पैदाशींतले दोनच मासे आणले. रिकाम्या पेटीकडे पाहून पाहुणे हंसत. ती धाकटी मुलगी मात्र रोज सायंकाळीं कांचेला नाक लावून बसे. "यांत काय पाहतेस?" असें विचारतां ती म्हणाली, "पाणी अजून तयार होतंय." वॉरिंग्टन पितापुत्रांस जें समजण्यास चाळीस वर्षें लागलीं, तें तिला सहा आठवड्यांत समजलें होतें.