जावास्क्रिप्टचे वेगमापन : एक ऐतिहासिक टिपण

संगणकभाषेचा वेग मोजणे हे वरकरणी घड्याळाचे काम वाटते. जावास्क्रिप्टच्या बाबतीत मात्र ‘किती’ या प्रश्नाआधी ‘कोठे’ हा प्रश्न उभा राहिला. ही भाषा १९९५ साली नेटस्केप ब्राउझरसाठी जन्मली. परंतु तिचे इंजिन ब्राउझरातून सुटे काढून कमांड लाइनवरही चालविता येते. सुट्या इंजिनावर निव्वळ गणनेचा वेग कळतो. ब्राउझरात तिच्यावर पानाची मांडणी व चित्रण यांचा भार पडतो.

वेबकिट प्रकल्पाने डिसेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘सनस्पायडर’ चाचणी दोन्ही ठिकाणी चालत असे. पानाशी संबंधित कामे तिने हेतुतः वगळली होती. प्रत्येक प्रयोग अनेकवार करून ती सरासरीबरोबर ९५ टक्क्यांचा विश्वास अंतरालही देई. ही शिस्त पुढील कित्येक चाचण्यांत आढळत नाही. तथापि तिचे प्रयोग फारच लहान होते. नोव्हेंबर २०१० मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ९ च्या पूर्वावृत्तीने त्यांतील एक प्रयोग संशय यावा इतक्या त्वरेने उरकला. मोझिलाच्या एका अभियंत्याने त्यात निरर्थक विधान घालताच वेळ अनेक पटींनी वाढला. ज्याचे उत्तर कोणी वापरीत नाही ती गणना कंपायलर गाळतो, असा खुलासा मायक्रोसॉफ्टने केला. खुलासा तर्कशुद्ध होता; पण मग मोजले काय, हा प्रश्न उरलाच.

वरळी-लालबागच्या गिरण्यांना हा पेच अपरिचित नव्हता. १९२८ च्या सार्वत्रिक संपात दोनांऐवजी तीन माग चालविण्याचा वाद पेटला, तेव्हा विणकरांनी सुताच्या दर्जाकडे बोट दाखविले होते. सूत हलके असले की धागे तुटतात, आणि मागांची संख्या हे श्रमाचे माप राहत नाही.

गूगलने २०१२ मध्ये काढलेली ‘ऑक्टेन’ चाचणी एप्रिल २०१७ मध्ये स्वतःच निवृत्त केली. तिचे गुण वाढविणाऱ्या सुधारणा प्रत्यक्ष पानांना उपयोगी पडत नव्हत्या, क्वचित बाधतही होत्या. शिवाय जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ हा सुरक्षादोष उघड झाल्यावर ब्राउझरांनी आपली घड्याळे मुद्दाम स्थूल केली; तेथे सूक्ष्म प्रयोग मोजणेच अवघड झाले.

वेबकिटच्याच ‘स्पीडोमीटर’ने २०१४ पासून वेगळी वाट धरली होती. कामांची यादी भरणे, खुणा करणे, पुसणे अशा वापरकर्त्याच्या कृतींचे अनुकरण ती करते. साहजिकच सुट्या इंजिनावर ती चालत नाही. मार्च २०२४ मधील तिची तिसरी आवृत्ती ॲपल, गूगल, मोझिला प्रभृती प्रतिस्पर्ध्यांनी संयुक्तपणे सिद्ध केली.